बाबा, तुम्ही कौल तीनदा लावलात ना?

आई, बाबा,

फोनवर रोज बोलतोच आपण, पण तुम्ही स्पीकर लावून दोघं एकदम बोलता आणि जेवलास का, रक्ताचे काउंट किती आले यातच रेंज जाते, म्हणून हे टाइप करून पाठवतोय. आई, चष्मा लाव, नाहीतर बाबांकडून वाचून घे.

आधी रिपोर्ट. बाराही केमो झाल्या, पेट स्कॅनमध्ये गळ्यातली गाठ आता दिसत नाही. डॉक्टर बरा झालास असं म्हणत नाहीत, रेमिशन म्हणतात, म्हणजे सध्या आजार दिसत नाही एवढंच, अधूनमधून दाखवायला जायचंय. तेव्हा वाडीत एवढ्यात पेढे वाटू नका.

आता कबुली. आई, तू पाठवलेला अंगारा मी एकदाही लावला नाही. तू रोज संध्याकाळी विचारायचीस, लावलास ना, आणि मी हो हो म्हणून सोडून द्यायचो. केमोनंतर आठ-दहा दिवसांनी पांढऱ्या पेशी एवढ्या खाली जायच्या की ताप 100.4 झाला तर रात्री दोन वाजतासुद्धा हॉस्पिटल गाठायचं असं सांगून ठेवलेलं, फुलं नको, कच्चं नको, दहा हात लागलेला प्रसाद तर नकोच. पुडी पाकिटात आहे अजून. नवसाचा नारळ मात्र फुकट गेला नाही, तो घणसोलीने खाल्ला, सगळा.

घणसोली म्हणजे माझा ट्रेनमधला मित्र. ठाणे-वाशी लाइनला आमचा ग्रुप आहे, कोण कुठे उतरतो त्यावरून नावं पडलीत, मी चढतो ठाण्याला म्हणून मी ठाणे. आठ वर्षं एकाच डब्यात उभे राहतो पण त्याच्या घरी मी कधी गेलो नव्हतो, आणि हा माणूस बारापैकी नऊ केमोला सुट्टी टाकून माझ्या शेजारी बसला. मूळचा अकोल्याकडचा, देवाचं फार काही मानत नाही. 'पॉझिटिव्ह राहा' असं एकदाही म्हणाला नाही, हे मी त्याचे माझ्यावरचे सगळ्यात मोठे उपकार समजतो (आपल्या नातेवाइकांची यादी काढायला लावू नका, एकांनी तर पूर्वजांचा दोष सांगितला).

शिमग्यात पालखी आपल्या अंगणात आली तेव्हा तुम्ही व्हिडिओ कॉल केलात, तेव्हा मी केमोच्या खुर्चीत होतो, ते लाल औषध चालू होतं, ज्याने नंतर लघवीपण लाल होते. एक इअरफोन माझ्या कानात, एक घणसोलीच्या. बाबा तुम्ही माझ्यासाठी गाऱ्हाणं घालत होता, आवाज मधेच बसत होता, आणि मागून सगळी वाडी 'व्हय महाराजा' म्हणत होती. घणसोलीने विचारलं हे काय, मी म्हटलं एक जण मागतो आणि बाकीचे होय म्हणतात, बस. तेव्हापासून सिस्टर शीर शोधत 'थोडं टोचेल हां' म्हणाल्या की हा पठ्ठ्या गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, व्हय महाराजा. सिस्टर पण हसायच्या.

खरं सांगायचं तर त्या सहा महिन्यांत मला देवाकडे काही मागताच आलं नाही. काउंट बरे असताना एकदा तलावपाळीला गेलो, मास्क लावून लांबूनच कोपिनेश्वराला हात जोडले, पण मनात काहीच आलं नाही, वडापावचा वास आला आणि मळमळलं. हे घणसोलीला सांगितलं तर म्हणाला, तू नको मागूस, तिकडे बाबा मागतायत ना, मी इथे होय म्हणतो, तेवढं जमतं मला.

शेजारच्या खुर्चीत एक काका असायचे, सलाइन लागलेल्या हातातसुद्धा माळ. आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त नामस्मरण त्यांचं होतं. एप्रिलनंतर ते आले नाहीत, नंतर कळलं. म्हणून आई, 'देवाने ऐकलं' असं लोकांना सांगू नकोस, निदान माझ्यासमोर तरी नको.

आता बाबा. दादाने मला सगळं सांगितलंय. तुम्ही माझ्यासाठी देवाला कौल लावलात तो डावा आला, म्हणजे देवाचा नकार. परत लावलात, परत डावा. गुरव म्हणाला पुरे आता, तर तुम्ही म्हणालात देवाला कमी ऐकू येत असेल, आणि तिसऱ्यांदा लावलात. कौलाशी हुज्जत घालायची नाही असं आम्हाला शिकवणारा माणूस, परसातली विहीर एका डाव्या कौलावर सोडून दिली होतीत तुम्ही, अजून आई लांबून पाणी आणते. मी हे ऐकलं तेव्हा ऐरोलीला उतरायचं होतं ते राहिलं, बसूनच राहिलो, रबाळे गेलं, घणसोली आलं तेव्हा भानावर आलो.

आई, अनवाणी चालत जायचा नवस तू बोललीस तो तू फेडायचा नाहीस, शुगर आणि पाय दोन्ही बघ, मी फेडेन, चप्पल घालून चालेल का ते गुरवाला विचारून ठेव.

गणपतीला येतोय. मांडवी एक्सप्रेसची दोन तिकिटं कन्फर्म झालीत, माझं आणि घणसोलीचं. ही मुलांची शाळा सुटल्यावर मागून येईल. त्याला मासे चालतात पण गणपती जाईपर्यंत नाही मिळणार हे मी सांगितलंय, तोंड पडलं त्याचं. रत्नागिरी स्टेशनला घ्यायला येऊ नका, रिक्षा करू.

तुमचा,
ठाणे

(चुकून सवयीने लिहिलं, राहू दे)