हॉकिनचं काय करायचं, मेधा?

स्लाव, इंग्लंड,
६ डिसेंबर

प्रिय मेधा,

इरासाठी सुझन कूपरची पुस्तकं आणावीत का, आणि ती फार भीतीदायक तर नाहीत ना, असं तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. उजेड आणि काळोख यांच्या युद्धाची ही पाच पुस्तकं गेलं वर्षभर माझ्या डोक्यात आहेत. इथे कुणाशी मनासारखं बोलणं झालं नाही, तेव्हा आता तू सापडली आहेस.

आधी सरळ उत्तर देते. पुस्तकं जरूर आण. भीतीदायक आहेत, पण तुला वाटतं तशी नाहीत. काळोखाची बाजू भयंकर आहेच, काळा घोडेस्वार वगैरे. ती भीती मुलं पचवतात, इराही पचवेल. मला बोलायचंय ते उजेडाच्या बाजूबद्दल. मालिका संपल्यावर माझी झोप उडवली ती चांगल्या माणसांनी.

पाचांचा क्रम असा: 'ओव्हर सी, अंडर स्टोन' १९६५चं, मग 'द डार्क इज रायझिंग' १९७३, 'ग्रीनविच' (हिरवी चेटकीण, लंडनचं ग्रीनविच नव्हे) १९७४, 'द ग्रे किंग' १९७५ आणि 'सिल्व्हर ऑन द ट्री' १९७७. 'द ग्रे किंग'ला अमेरिकेतलं बालसाहित्याचं १९७६चं न्यूबेरी पदक मिळालं. माझं ऐकशील तर इराच्या हातात दुसरं पुस्तक आधी दे. पहिल्यात सुट्टीवर आलेली तीन भावंडं जुन्या नकाशावरून खजिना शोधतात. ते छान आहे, पण कूपरबाईंना आपली खरी वाट अजून सापडलेली नाही, हे जाणवतं. मध्ये आठ वर्षं गेली आणि दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात त्या एकदम वेगळ्याच उंचीवरून बोलायला लागतात.

विल स्टॅन्टन हा सातव्या मुलाचा सातवा मुलगा. भलंमोठं गजबजलेलं घर, नाताळची धांदल, उद्या त्याचा अकरावा वाढदिवस. तारीख २० डिसेंबर. आणि त्या दिवशी काय होतं, तर तो रेडिओजवळून गेला की रेडिओ खरखरतो. पिंजऱ्यातले घरचे ससे, रोज त्याच्या हातून खाणारे, अंग चोरून कोपऱ्यात जातात. बस, एवढंच. राक्षस नाही, रक्त नाही. पाळलेला ससा आपल्याला घाबरतो, याहून एकटं पाडणारं दुसरं काय असेल गं एका मुलाला? रात्री बर्फ पडायला लागतो, आणि सकाळी जाग येते तेव्हा घरातलं कुणी उठवूनही उठत नाही.

हे सगळं घडतं कुठे माहितीये? माझ्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर. विलच्या गावाचं नाव हंटरकूम, आणि स्लावच्या पश्चिम टोकाला हंटरकूम लेन नावाचा रस्ता आहे. कूपरबाईंचा जन्म १९३५ मध्ये इथून जवळच्याच बर्नमचा. पॅडिंग्टनच्या गाडीतून मी रोज ते स्टेशन बघते. स्लाव म्हटलं की आपल्या लोकांना गुरुद्वारा, किराणा दुकानं आणि हीथ्रोची विमानं आठवतात. पण जरा दक्षिणेला, डॉर्नीच्या बाजूला गेलं की गायरानात गाई मोकळ्या चरत असतात, पलीकडे थेम्स आणि त्याच्याही पलीकडे विंडसरचा किल्ला. तिथे रूक नावाचे कावळे फार. दुरून आपल्या डोमकावळ्यासारखाच दिसतो. जवळ आला की कळतं, चोचीच्या बुडाशी पिसंच नाहीत, नुसती करडी, खरबरीत, उघडी कातडी, हाड वर आल्यासारखी. पुस्तकात हेच रूक एका म्हाताऱ्या भटक्यावर तुटून पडतात. ते वाचल्यापासून मी त्या झाडांखालून जाताना वर बघतेच.

आता हर्नबद्दल. हा इथला खास. विंडसरच्या रानातला एक रखवालदार, मेल्यावर डोक्यावर हरणाची शिंगं घेऊन हिवाळ्यात मध्यरात्री एका ओकच्या झाडाभोवती फिरतो, साखळी खुळखुळवतो, झाडं वाळवतो, दुभत्या गाईच्या दुधाचं रक्त करतो. सगळ्यात जुना लेखी उल्लेख शेक्सपिअरच्या 'मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर'मध्ये आहे, ते नाटक १६०२ मध्ये छापलं गेलं. पण शेक्सपिअरने त्याचा विनोद केला. लठ्ठ फॉलस्टाफ शिंगं लावून झाडाखाली येतो आणि पऱ्या झालेली पोरं त्याला चिमटे काढून बेजार करतात. हर्नचा ओक म्हणून लोक जे झाड दाखवायचे, ते १८६३ मध्ये वाऱ्याने पडलं आणि राणी व्हिक्टोरियाने त्या जागी नवं लावून घेतलं. म्हणजे बघ, दंतकथेची पार बाग करून टाकली. कूपरबाईंनी तिला पुन्हा रानात सोडलं. विलचा नौदलातला भाऊ वेस्ट इंडिजमधून एक शिंगांचा मुखवटा पाठवतो, अर्धा माणूस, अर्धा प्राणी. विल तो हर्नच्या हाती देतो, हर्न तो चढवतो आणि तो मुखवटा राहतच नाही, त्याचा चेहरा होतो. मग पांढऱ्या अंगाची, लाल कानांची कुत्री घेऊन तो काळोखाच्या पाठी लागतो. तो विलच्या बाजूने धावतो, पण विलचा कुणी लागत नाही. त्याच्या डोळ्यांत माया नाही, रागही नाही.

हे तुला वेगळं समजावायला नको. तुमच्या वेंगुर्ल्याकडच्या राखणदाराचं असंच की. तो देव नाही आणि भूतही नाही, त्याचा मान त्याला दिला की सीमेवर उभा राहतो, आणि विसरलात तर त्याला तुमची कीव येत नाही. आपण गोष्टीतल्या शक्तींची चांगली आणि वाईट अशी दोनच खाती करतो. कूपरबाई तिसरं खातं उघडतात, त्याला रानटी जादू म्हणतात, आणि मालिकेतलं सगळ्यात सुंदर ते तिथे आहे.

'ग्रीनविच' त्याचंच पुस्तक. कॉर्नवॉलच्या एका कोळीगावात वसंतात रात्रभर जागून फक्त बायका एक मोठी आकृती बांधतात. सांगाडा हेझलच्या फांद्यांचा, अंग हॉथॉर्नचं, डोकं रोवनचं, आत दगड भरलेले. पहाटे पुरुष येऊन ती कड्यावरून समुद्रात ढकलतात. तिला हात लावून मनातलं मागायची पद्धत. जेन नावाची मुलगी पुढे होते. तिला तोवर त्या फांद्यांच्या ढिगाचं एकटेपण असं काही जाणवलेलं असतं की ती स्वतःसाठी काहीच मागत नाही, तू सुखी हो एवढंच म्हणते. पुढे उजेड आणि काळोख दोघेही त्या ग्रीनविचकडून एक वस्तू मिळवायला जीव टाकतात, धमकावतात, मंत्र घालतात. ती कुणालाच दाद देत नाही. शेवटी वस्तू देते ती जेनला, कारण आजवर तिच्यासाठी काही मागणारी ती एकटीच. मेधा, मी हे पान लोकलमध्ये वाचलं आणि माझं स्टेशन येईपर्यंत पुढचं पान उलटलं नाही.

आणि आता हॉकिन. ज्याच्यासाठी हे पत्र.

दुसऱ्या पुस्तकातला तो भटका म्हातारा, ज्याच्यावर रूक तुटून पडले, तो हॉकिन. तेराव्या शतकातला मुलगा (या गोष्टीत उजेडाची माणसं काळात मागेपुढे जातात). मेरिमन हा उजेडाचा सगळ्यात थोर माणूस, शेवटी कळतं की तोच आर्थर राजाचा जादूगार मर्लिन, त्याने या अनाथ पोराला मुलासारखं वाढवलं. हॉकिनचा त्याच्यावर अपार जीव. उजेडाचा एक जादूचा ग्रंथ एका उभ्या घड्याळात दडवलेला आहे, आणि तो काढताना मेरिमनचा हात हॉकिनच्या अंगावर असायलाच हवा, असं बंधन घातलेलं. काळोखाने जबरदस्तीने ग्रंथ मिळवायचा प्रयत्न केला असता तर ग्रंथ वाचवण्यासाठी हॉकिनला मरावं लागलं असतं. हे हॉकिनला त्या खोलीत, तो ग्रंथ विलसाठी काढताना उमगतं. ज्याला बाप मानलं त्याने आपल्याला कुलूप म्हणून वापरलं! त्याच रात्री काळोखाची माणसं त्याच्याशी गोड बोलतात आणि तो फिरतो. शिक्षा म्हणून त्याला, विल ज्या जादूच्या चिन्हांच्या शोधात आहे त्यांतलं काशाचं चिन्ह जवळ बाळगत शतकानुशतकं भटकावं लागतं, थंडीत, भीतीत, मरण न येता. शेवटी काळोखच त्याला आकाशातून खाली फेकून देतो. मेरिमन त्याच्याजवळ गुडघे टेकतो, आपण एका मर्त्य माणसावर पेलवेल त्यापेक्षा जास्त विश्वास टाकला हे कबूल करतो, आणि हॉकिनला मरण मिळतं.

मुलांच्या पुस्तकात हे लिहायला धाडस लागतं. मेरिमन दुष्ट नाही. त्याचं हॉकिनवर खरंच प्रेम होतं आणि तरी त्याने हे केलं, कारण मोठं युद्ध चालू होतं. कूपरबाईंचं बालपण दुसऱ्या महायुद्धातलं, बाँबहल्ल्यांत गेलेलं. आपली बाजू न्यायाची असली तरी ती माणसं खर्ची घालते, हे त्यांना कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती. ऑक्सफर्डला त्यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाले टॉल्किन आणि 'नार्निया'वाले लुईस या दोघांचीही व्याख्यानं ऐकली, पण या बाबतीत त्या माझ्या मते दोघांपेक्षा कठोर आहेत. आणि १९६३ मध्ये त्या लग्न करून अमेरिकेला गेल्या. इंग्लंडचा हा सगळा बर्फ, ही नदी, हे रस्ते त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये बसून लिहिले. दूर गेल्याशिवाय घरचा रस्ता इतका बारकाईने दिसत नाही, हे मला तरी पटतं.

'द ग्रे किंग'मध्ये हे उघडच बोललं जातं. ते वेल्समध्ये घडतं, काडर इद्रिस डोंगराच्या कुशीत. त्या डोंगरावर रात्र काढणारा वेडा होतो नाहीतर कवी होतो, असं तिकडचे लोक म्हणतात. (सगळे याला इंग्लिश लोककथांची मालिका म्हणतात खरं, पण तिचा गाभा निम्मा तरी वेल्सचा आहे.) तिथे जॉन रोलंड्स नावाचा साधा मेंढपाळ विलला म्हणतो, की तुमच्या उजेडाच्या अगदी आत एक थंड पांढरी ज्वाला आहे, तिला दयामाया कळत नाही. विल नाकारत नाही. एका माणसासाठी आम्हाला थांबता येत नाही, जगच बुडेल, असं अकरा वर्षांचं पोर सांगतं. रोलंड्स म्हणतो, मी तर त्या एका माणसासाठी थांबेन. त्याच पुस्तकात काफाल नावाच्या कुत्र्याला गोळी घालतात. इरा कुत्र्यांसाठी जीव टाकते, तेव्हा ते प्रकरण तिच्या शेजारी बसून वाच. हे मी अगदी मनापासून सांगतेय.

आणि शेवटच्या पुस्तकात याच रोलंड्सला कळतं, की आपली इतक्या वर्षांची प्रेमळ बायको काळोखाची आहे. तरीही न्याय करायची वेळ येते तेव्हा तो उजेडाच्या बाजूने कौल देतो. मग त्याला विचारतात, हे लक्षात ठेवायचंय की विसरायचंय? त्याला ठरवता येत नाही. ते दुसरेच ठरवतात, आणि तो विसरतो. मुलंही सगळं विसरतात, फक्त विलला आठवत राहतं. हा शेवट मला मान्य नाही. इतकं सोसलेल्या माणसाचं दुःखही काढून घ्यायचं? बाकी सगळ्या ठिकाणी बाईंनी माणसाला किंमत मोजायला लावली आणि इथे पुसून टाकलं. माझी एक सहकारी म्हणते, हीच उजेडाची शेवटची क्रूरता आहे आणि ती मुद्दाम लिहिलीय. असेलही. मी तरी अजून भांडतेच आहे त्या पानाशी.

हो, एक राहिलंच. नदीला पूर येतो तेव्हा थेम्समधून एका मृत राजाचं लांब जहाज वर येतं, पाण्याचं चिन्ह हातात धरलेला राजा त्यात झोपलेला. वाचताना १९३९ मध्ये सफोकला सटन हू इथे सापडलेली जहाजातली राजाची समाधी आठवते. पण इथे बर्नमच्या पलीकडच्याच गावात, टॅपलोला, जुन्या दफनभूमीत एका सॅक्सन सरदाराचा ढिगारा आहे. १८८३ मध्ये खणला तेव्हा सोन्याचं बक्कल आणि प्यायची शिंगं निघाली, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तू येशील तेव्हा आधी तिथे जाऊ, मग डॉर्नीला. आणि एक दिवस गाडी काढून रिजवे नावाच्या प्राचीन वाटेवरच्या वेलँड्स स्मिदीला. ती साडेपाच हजार वर्षांपूर्वीची दगडी समाधी आहे. घोडा आणि एक नाणं ठेवून गेलं की वेलँड लोहार रात्रीत नाल ठोकून देतो, अशी समजूत, आणि अजूनही लोक दगडांच्या फटींत नाणी खोचून जातात. विलला भेटणारा जॉन स्मिथ तो हाच.

दुसऱ्या पुस्तकाची प्रत मी माझ्या मावसबहिणीबरोबर पाठवतेय, ती १२ तारखेला मुंबईत उतरेल. तिथून कुरियर कर म्हटलंय. इराला सांग, २० डिसेंबरच्या संध्याकाळी उघडायचं, आधी नाही. इथे बरेच लोक दरवर्षी त्याच दिवशी सुरू करतात आणि गोष्टीतल्या तारखांबरोबर पुढे जातात. हॉकिनचं प्रकरण आलं की तिला लगेच समजावायला जाऊ नकोस. मेरिमन चुकला का, एवढंच विचार, आणि ती काय म्हणते ते मला शब्दशः कळव. रोलंड्सबद्दल मला तुझं मत हवंय, पण पाचही वाचून झाल्यावरच.

काकूंना नमस्कार. इराला गोड पापा.

तुझी,
वृंदा

ता. क. २००७ मध्ये यावर निघालेला सिनेमा तिला दाखवू नकोस, त्यात विलला अमेरिकन करून टाकलंय. त्यापेक्षा २०२२ मध्ये बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने केलेलं बारा भागांचं श्राव्य नाटक मिळालं तर ऐकवा. पण पुस्तक वाचून झाल्यावर.