मुले आठ, म्हणून फी आठपट?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वार्षिक परीक्षा संपत आल्या की आपल्या पुरवण्यांतून उन्हाळी शिबिरे, वॉटर पार्क आणि पॅकेज सहलींची माहिती येऊ लागते. एका-दोघा मुलांच्या घराला ती पुरते. पण मे महिन्यात आजी-आजोबांकडे आते-मामे-चुलत मिळून आठ-दहा पोरे जमतात, तिथे हा हिशेब बसत नाही. दीड हजारांचे शिबिर आठ जणांना बारा हजारांना पडते. अशा घरांनी बेत ठरवताना आधी एवढेच पाहावे, की खर्च डोक्यागणिक वाढतो की एकदाच होतो. आणि जिथे हात जास्त असल्याने काम सोपे होते, अशा गोष्टी आधी निवडाव्यात.

पॉट आइस्क्रीम हे त्याचे उत्तम उदाहरण. चार लिटरचे लाकडी पॉट ओळखीत कोणाकडे तरी असते, काही गावांत भाड्यानेही मिळते. आतला डबा दोन-तृतीयांशच भरायचा. फिरवताना हवा मिसळून मिश्रण फुगते, काठोकाठ भरले तर झाकणाखालून बाहेर येते. दोन लिटर म्हशीचे दूध आटवून दीड लिटर करावे. त्यात तीनशे ग्रॅम साखर आणि थोड्या गार दुधात कालवलेले दोन चमचे कॉर्नफ्लोअर घालून शिजवावे आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. तीन-चार वाट्या आमरस दुसऱ्या दिवशी, दूध पूर्ण गार असतानाच घालावा. गरम दुधात आंबट रस पडला की ते फाटते. साखरेचा हात सैल सोडू नये, कारण साखर जास्त झाली तर मिश्रण घट्ट होत नाही, आणि रसाचा गोडवा त्यात असतोच.

बर्फ आठ-दहा किलो आणि खडेमीठ दोन-अडीच किलो लागते. नुसता बर्फ शून्य अंशाला वितळतो, पण साखर घातलेले दूध गोठायला त्याहून कमी तापमान लागते. मिठामुळे बर्फ शून्याखालीच वितळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता डब्यातून ओढून घेतो. बारीक मीठ पाण्याबरोबर लगेच तळाशी जाते, म्हणून खडेमीठच घ्यावे. बर्फ लिंबाएवढा फोडून चार बोटांचा थर, त्यावर दोन मुठी मीठ, असे भरत जावे. मात्र बर्फ झाकणाच्या दोन बोटे खालीच ठेवावा. बहुतेक घरी आइस्क्रीम खारट होते ते इथेच. उघडण्याआधी झाकण कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. कारखान्यातला लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही, तेव्हा त्याचे तुकडे चोखायला देऊ नयेत. प्रत्येक पोराने पन्नास फेरे मारायचे, मग दांडा पुढच्याच्या हाती. अर्ध्या-पाऊण तासात दांडा जड होतो, तेव्हा थांबावे. खारे पाणी काढून पुन्हा बर्फ-मीठ भरावे आणि गोणपाट गुंडाळून तासभर ठेवावे. बारा जण पोटभर खातात आणि खर्च साधारण बाहेरच्या पाच-सहा कोनांएवढा येतो. काढलेले पाणी झाडांना मात्र घालू नये.

वाळवणाला हल्ली काही शिबिरांत ‘पारंपरिक कार्यशाळा’ म्हणून पैसे घेतात म्हणे! घरी पाच किलो बटाटे आणले की साधारण किलोभर वाळलेला कीस मिळतो. शीतगृहातले बटाटे गोडसर होतात आणि त्यांचा कीस तळताना लाल पडतो, म्हणून विकत घेतानाच विचारून घ्यावे. कीस थेट पाण्यात पाडावा आणि पाणी नितळ येईपर्यंत तीन-चारदा धुवावा. यात आळस केला तर स्टार्चमुळे गोळे होतात. मग मीठ आणि चिमूटभर तुरटी घातलेल्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून निथळावा आणि सकाळी नऊच्या आत गच्चीवर प्लास्टिकवर मोकळा पसरावा. दुपारी सुरुवात केली तर रात्री ओलसर राहून काळा पडतो. बारीक किसणीवर बोटे कापतात, तेव्हा किसण्याचे काम मोठ्यांकडे, धुण्याचे आठ वर्षांच्या पुढच्यांकडे, पसरण्याचे आणि कावळे हाकण्याचे लहानांकडे द्यावे. डब्यात भरण्याआधी एक काडी मोडून पाहावी. ‘कट’ असा आवाज आला नाही तर अजून एक ऊन द्यावे.

सकाळी अकरा ते दुपारी चार मुले घरातच हवीत. एका कॅरमवर चौघेच खेळतात, उरलेली सहा तोवर भांडतात. म्हणून पत्त्यांचे दोन कॅट आधीच घेऊन ठेवावेत. मेंढीकोट चौघांत खेळतात तसा सहा जणांतही होतो: चारही दुऱ्या काढल्या की अठ्ठेचाळीस पाने उरतात, प्रत्येकाला आठ, आणि तिघा-तिघांचे दोन गट. बदामसातला आठ-दहा जण बसले तर एका कॅटात पाच-सहाच पाने वाट्याला येतात आणि डाव लगेच उरकतो; दोन कॅट एकत्र करावेत. सहा वर्षांखालच्यांना मोठ्यांच्या जोडीला बसवावे, नाहीतर पत्ते चुरगळतात.

एक कार्यक्रम तर संपूर्ण फुकट आहे. मे महिन्यात महाराष्ट्रात सूर्य एकेका गावाच्या बरोबर माथ्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते; हाच शून्य सावलीचा दिवस. कोल्हापूरला ६-७ मे, सोलापूरला १० मेच्या आसपास, पुण्याला १३-१४, मुंबईला १५-१६, नागपूरला २६ मेच्या सुमारास. जुलै-ऑगस्टमध्ये तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. घड्याळात बारा वाजताच सावली नाहीशी होईल असे समजून मुले लवकर वर जातात आणि कंटाळतात. मुंबईत ही वेळ १२.३५ च्या आसपास असते, पुण्यात १२.३१, नागपुरात १२.१०. पाइपचा तुकडा, पेला, डबा अशी सरळ उभी राहणारी वस्तू घ्यावी. गच्चीला पाण्यासाठी उतार असतो, म्हणून सपाट पाट ठेवून त्यावर ती उभी करावी आणि ओळंब्याने तपासावी. टोपी, पायात चप्पल, दहा मिनिटांत खाली.

प्रवासात मात्र खर्च डोक्यागणिकच, पण एसटीने तो जवळजवळ निम्म्यावर येतो. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट, त्याखालच्यांना तिकीटच नाही. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे आणि पंचाहत्तरीपुढे मोफत. समजा ७६ वर्षांचे आजोबा, ६८ वर्षांची आजी, दोन पुरुष, तीन स्त्रिया आणि ५ ते १२ वयोगटातली पाच मुले आहेत. बारा जणांचा प्रवास साडेसहा तिकिटांत होतो. आरक्षण आणि किरकोळ अधिभार वेगळे. आजी-आजोबांचे वयाचा पुरावा असलेले मूळ ओळखपत्र सोबत हवे. महिला आणि ज्येष्ठांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते, गोव्याला किंवा बेळगावला जाताना हे विसरले जाते. ठिकाण असे निवडावे की स्टँडवरून चालत जाता येईल, नाहीतर वाचलेले पैसे रिक्षात जातात. पन्हाळ्याला एसटी थेट गडावर जाते. वेरूळला लेण्यांसमोरूनच गाड्या जातात आणि पुरातत्त्व खात्याच्या या स्थळी १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी, तेव्हा वार पाहून निघावे. मेमध्ये नऊच्या आत लेण्यांत पोहोचून अकराला परत फिरावे.

पाण्याबाबत तडजोड नको. विहीर, धरणाचा फुगवटा, समुद्र कुठेही जायचे तर पाण्यात उतरणाऱ्या दर दोन मुलांमागे पोहता येणारा एक मोठा माणूस हवा. तेवढी माणसे नसतील तर मुलांना काठावरच ठेवावे.

आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. शून्य सावलीची तारीख आणि वेळ आपल्या प्रत्येक जिल्हा आवृत्तीत, शक्य तर तालुकावार, आठवडाभर आधी छापावी. आणि पुरवणीत शिबिरांच्या यादीशेजारी एक चौकट अशी द्यावी, की गावात कोणत्या शाळांची मैदाने सकाळी सहा ते नऊ मुलांना खुली आहेत, कोणती कुलपात आहेत आणि सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग सुट्टीत किती वाजता उघडतो. बऱ्याच ठिकाणी तो संध्याकाळी पाचला उघडतो, म्हणजे नेमका मुले खेळायला बाहेर पडतात तेव्हा. मे महिन्यापुरता तो दुपारी बारा ते चार ठेवला तर पंख्याखाली पुस्तके वाचायला मुले येतील.

आपला,
एक वाचक, सातारा