आधी उतरायची वेळ ठरव

चि. चिऊ,

मी फर्स्ट शिफ्टला निघतो तेव्हा तू झोपलेली असतेस आणि रात्री कानात इअरफोन असतात. म्हणून लिहूनच ठेवतोय.

ट्रेकला माझी ना नाही. पण कलावंतीणचा सुळका आत्ता पावसात नको. रीलमध्ये त्या कातळात खोदलेल्या पायऱ्या झकास दिसतात. पावसात त्यांच्यावर शेवाळ धरतं आणि कडेला कठडा नाही. ठाकूरवाडीहून पनवेलला परतायच्या एसटीही मोजक्याच. ईर्शाळवाडी त्याच भागातली. 19 जुलै 2023 च्या रात्री तिथे दरड कोसळली, ती बातमी आपण सगळ्यांनी जेवणं टाकून पाहिली होती.

दिवाळीची सुट्टी लागू दे, मग माथेरानजवळच्या गार्बेट पठारावर जा. स्टेशनातून उतरून थेट पायी चढता येतं, एसटीच्या वेळा सांभाळाव्या लागत नाहीत. दादरहून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडून भिवपुरी रोडला उतरायचं. बदलापूर लोकल तिथवर जात नाही आणि डुलकी काढत कसारा लोकलमध्ये बसलात तर कल्याणनंतर भलत्याच दिशेला जाल. (हसू नकोस, तुझ्या काकाने हे केलंय.) शक्यतो शनिवार धरा, रविवारी मेगाब्लॉकचं झेंगट असतं. पाली-भूतिवली धरणाच्या बाजूने सागाची वाडी, मग पठार, गार्बेट पॉइंट आणि पुढे माथेरान. उतरताना तीच वाट नको. माथेरानला गाड्या जिथवर येतात त्या दस्तुरी नाक्यावरून नेरळ स्टेशनला शेअर टॅक्सी मिळते.

आता वेळेचं. तुम्ही पोरं निघायची वेळ ठरवता आणि परतीचं 'बघू' म्हणता. उलटं मोज. दिवाळीनंतर सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणजे पाचला दस्तुरीला हवं. माथेरानच्या झाडीत तर त्याआधीच अंधारतं. त्यासाठी एकच्या आत पठारावर. बारा वाजले तरी सागाची वाडी लागली नसेल, तर जिथे असाल तिथून मागे फिरायचं. कोण कितीही चिडवू दे.

हे मी माहुली किल्ल्यावर शिकलो. कॉलेजात होतो, चौघे जण. आसनगावला उशिरा उतरलो, तरी वर जायचंच म्हणून गेलो. उतरताना एक मस्त मळलेली वाट दिसली, सरळ खाली जाणारी. अर्ध्या तासाने ती कारवीच्या झुडपांत विरून गेली. ढोरवाट होती, गुरं चरायला जातात ती. पुन्हा वर चढून खरी वाट शोधेपर्यंत काळोख, टॉर्च एकच आणि त्याचे सेल उतरलेले. घसाऱ्यावरून बसत बसत खाली आलो, पँटची काय दशा झाली ते विचारू नकोस. गावात रिक्षा नव्हती. स्टेशनपर्यंत पाचेक किलोमीटर चालत. मोबाइल नव्हते तेव्हा. तुझी आजी चाळीच्या कठड्याला धरून रात्रभर उभी होती. मला पाहिल्यावर काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

तेव्हा वाट अशी अचानक बारीक झाली की पुढे जायचं नाही, शेवटच्या खात्रीच्या जागी परत यायचं. वाडीत माणूस दिसला की विचारा. वाट दाखवायला कोणी सोबत आलं तर योग्य पैसे द्या, घासाघीस नको. कड्यात आग्या मोहोळ दिसलं तर आवाज, धूर, बॉडी स्प्रे काही नको. पाणी प्रत्येकी तीन लिटर. वाटेत मिळेल म्हणून भरवसा ठेवू नका. आणि ओढ्याला पाणी असलं तर रिकाम्या बाटलीपुरतंच त्याच्याकडे बघा. वर डोंगरात सर आली की खाली ऊन असतानाही लोंढा येतो.

भिवपुरीला उतरल्यावर एक मेसेज, दस्तुरीला पोचल्यावर दुसरा. मध्ये रेंज गेली तर मी घाबरणार नाही, निदान सहापर्यंत. काही झालंच तर आधी 112, मग मी.

माझा टॉर्च कपाटाच्या वरच्या खणात आहे. सेल नवे आण, आतले काढून टाकलेत. थालीपिठांचं आईला आदल्या रात्रीच सांग.

– बाबा