काकाजी, औषधाच्या बाटलीआधी कुंडीत बोट घालायला लावल्याबद्दल

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

झाड पिवळं पडलं, काय फवारू, असं कुणी विचारलं की तुमचं ठरलेलं उत्तर असतं : "आधी कुंडीत बोट घालून दाखवा." बोट दोन पेरं आत जातं का, माती ओली लागते की कोरडी, यावरच तुमचं अर्धं निदान होतं. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या गच्च्यांवर आज बारा महिने काही ना काही तोडायला मिळतं, ते या सवयीमुळे. म्हणून हे आभार. उघडं पत्र लिहितोय, कारण दर जूनला नवे लोक तेच प्रश्न घेऊन तुमच्या फाटकाशी उभे राहतात. त्यातल्या निम्म्यांचं काम इथेच भागावं.

पहिले आभार मातीचे. आपली काळी माती पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, कितीही चांगली असो, कुंडीत एकटी भरली तर गोत्यात आणते. भिजली की फुगते, हवा कोंडते. वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. खालून पाणी वाहिलं म्हणजे झाड प्यालं, असं समजणाऱ्यांचं इथेच चुकतं. तुमचं माप आता आम्हा सगळ्यांना पाठ आहे : एक घमेलं काळी माती, एक घमेलं जाड रेती, एक घमेलं कोकोपीट, दीड घमेलं मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि झाड लावायच्या वीस लिटरच्या पिशवीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. सगळं कालवून, ओल देऊन आठवडाभर ठेवायचं. पेंड कुजताना माती तापते, त्यात लगेच रोप लावलं तर कोवळी मुळं होरपळतात. आणि भरलेली, भिजलेली अशी पिशवी पंचवीस किलोच्या खाली नसते, म्हणून ती स्लॅबच्या मधोमध नको, बीमवर किंवा भिंतीलगत विटांवर ठेवायची.

"मुरलेलं" या शब्दावर तुम्ही अडून बसता, ते बरोबरच आहे. कच्च्या शेणाबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. वांग्याचं झाड पाणी असूनही एका दिवसात मान टाकतं, ओढलं तर अलगद हातात येतं, कारण खाली मुळं उरलेलीच नसतात. माती उकरली की पांढरी, जाड, अर्धगोल वळलेली, विटकरी डोक्याची अळी सापडते. तिच्यावर फवारणीचा उपयोग नाही, ती हातानेच वेचायची. वळवाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे निघतात आणि संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर जमतात. तेवढे दिवस खताच्या ढिगावर बारीक जाळी हवीच.

आता कूलरचं पाणी. एप्रिल-मेमध्ये घरोघरी कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना जातं, वाया नको म्हणून. पण कूलर पाणी उडवतो, क्षार मागेच राहतात. रोज वरून नुसती भर पडत गेली की टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जास्त खारट होतं. कूलरच्या ताट्यांवर, म्हणजे बाजूच्या गवती पडद्यांवर, जमणारे पांढरे खवले त्याचेच. आधीच चुनखडीच्या मातीत हे पाणी पडलं की लोह असूनही मुळांना घेता येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, ही त्याची खूण संत्र्याच्या बागवाल्यांना चांगली ठाऊक असते. लोक नेमकं इथेच आणखी खत ओततात. तुमचा उपाय बिनपैशाचा : कूलरचं पाणी बंद, वरची दोन इंच माती काढून तिथे गांडूळखत, आणि गोडं पाणी तळातून भरपूर वाहीपर्यंत दोन-तीनदा द्यायचं. पावसाचं साठवलेलं असेल तर उत्तमच. पिवळी पानं परत हिरवी होत नाहीत, नवी येणारी पाहायची.

पारा ४५ वर गेला की दुपारी भोपळ्याची पानं लोंबतात आणि लोक झारी घेऊन धावतात. अशा वेळी तुमचं "काऊन बाप्पा, पाणी पाजता का आंघोळ घालता?" आठवतं. बोट घालायचं. आत ओल असेल तर झाड संध्याकाळी आपोआप सावरतं. वरून पुन्हा पाणी दिलं तर मुळं कुजतात. पाणी सकाळी, वर ५० टक्क्यांची हिरवी जाळी, मातीवर दोन इंच वाळका पाला, काळ्या पिशवीला बाहेरून गोणपाट. तरीही टमाटर मे महिन्यात धरणार नाही. दिवस ३५ अंशांच्या वर आणि रात्र गरम असली की परागकण निकामी होतात आणि फूल गळतं. बी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात टाकायचं, उन्हाळा गवार, चवळी, भेंडीला द्यायचा. रिकाम्या पिशव्यांतली माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली महिना-दीड महिना तापवायची हे तर खास. त्यात मुळांना लागणारे सूत्रकृमी, म्हणजे बारीक किडे, मरतात. चांगले जंतूही मरतात, म्हणून त्यानंतर जीवामृत.

नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं जीवामृताचं माप २०० लिटरचं आहे, गच्चीसाठी तुम्ही दहा लिटरवर आणलंत : अर्धा किलो देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन, चिमूटभर झाडाखालची माती. सावलीत ४८ तास, तोंडाला सुती कापड, दोन वेळ ढवळणं. आंबूस वास ठीक, सडका वास आला तर झाकण घट्ट होतं असं समजायचं. दहापट पाणी घालून ओल्या मातीत द्यायचं आणि आठवड्यात संपवायचं.

मावा आणि पिठ्या ढेकणांवर आधी पाण्याचा जोराचा फवारा, मुंग्यांची वाट बंद, आणि तरीही हटले नाहीत तरच निंबोळी अर्क : निंबोळीच्या बीतल्या गराची ५० ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर, गाळून थोडं रिठ्याचं पाणी, फवारणी ऊन उतरल्यावर. हा क्रम उलटा करू नका, असं नव्यांना आम्हीही आता सांगतो.

पैसे तुम्ही घेत नाही, म्हणून यंदाच्या निंबोळ्यांतल्या दोन किलो तुमच्यासाठी सावलीत वाळत घातल्यात. भुकटी मात्र तुमच्याकडेच करा. आमच्याकडे मिक्सरचं भांडं कडू झाल्यापासून घरचे हात लावू देत नाहीत.

आपले,
त्रिमूर्तीनगरातले गच्चीवाले