जाड गादी म्हणजे भक्कम गादी नव्हे

संपादक महोदय,
इंदुरात गादी घेताना गिऱ्हाईक इंच विचारते, फोमची घनता नाही. झोपणाऱ्याचे वजन शंभर किलोंच्या आसपास असेल तर घनमीटरला 40 किलो किंवा अधिक घनतेचाच फोम मागावा आणि आकडा बिलावर लिहून घ्यावा. हलका फोम कमरेखाली आधी बसतो, कणा झोळीसारखा वाकतो, सकाळी पाठ धरते. कडकपणा ही वेगळी गोष्ट. दगडासारख्या गादीवर कुशीवर झोपणाऱ्यांचे खांदे, खुबे दुखतात.

दुकानात नेहमीच्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटे झोपून पाहा. त्यात संकोच कसला! पलंगाच्या पट्ट्यांत 3 इंचांहून जास्त फट असल्यास चांगली गादीही तिथे खचते. पट्ट्यांवर भोके पाडलेला प्लाय टाका, हवा खेळती राहील.

– गादी व्यवसायातील वाचक, इंदूर