इथलीही काळीच

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

टीव्हीवर लाव्हा दिसला की तुम्ही दोघं रात्र जागून काढता, असं दादा म्हणाला. ते ग्रिंडाविक गाव मी राहते त्या रेक्याविकपासून, म्हणजे आइसलँडच्या राजधानीपासून, सुमारे ५० किलोमीटरवर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर लोकांनी एका रात्रीत अख्खं गाव रिकामं केलं. इथे जमिनीची नाडी सतत बघत असतात, बाबा. खरंच काळजी करू नका.

आई, तुला माझ्या थंडीची चिंता. दहातली नऊ घरं इथे जमिनीतल्या उष्णतेवर गरम राहतात; नळाच्या गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, एवढंच. लौगरवात्न तळ्याकाठी तर राय नावाच्या धान्याचं पीठ भिजवून, भांडं गरम वाळूत पुरतात आणि २४ तासांनी पाव बाहेर काढतात. तो खाताना तुझे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे बाफले आठवले आणि घास घशातच अडकला.

बाबा, सांवेरच्या विहिरीला काळा पाषाण लागला, सुरुंग लावावे लागले, ही गोष्ट तुम्ही किती वेळा सांगितलीत! तो पाषाणही लाव्हाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थरांवर थर साचून माळव्याचं पठार झालं आणि तोच खडक झिजत झिजत आपली काळी माती झाली. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी, पण पावसाळ्याची ओल पोटात धरून आजोबांना पाण्यावाचून गहू देणारी. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ म्हणतात ते तिच्याच जोरावर.

इथला खडक अजून कोवळा आहे. मैलोनमैल नुसतं शेवाळ. आणि त्यानं घेतलंयही फार. १७८३ मध्ये लाकी ज्वालामुखीची भेग उघडली ती आठ महिने ओकत राहिली. विषारी वायूंनी गवत नासलं, मेंढ्या मेल्या, मग दुष्काळात निदान पाचातला एक माणूस गेला.

माझ्या घरमालकीण काकू हेइमाए बेटावरच्या. जानेवारी १९७३ मध्ये एका रात्री तिथे जमीन फाटून लाव्हा उसळला आणि पाच हजारांवर लोकांना बेट सोडावं लागलं, बहुतेक बोटींनीच निघाले. बंदर वाचावं म्हणून पुढे कित्येक महिने लाव्ह्यावर समुद्राचं पाणी मारत होते. बंदर वाचलं. काकूंच्या वडिलांनी परत येऊन घरातली राख फावड्यानं उपसली.

मार्चमध्ये येतेय. बाबा, गाडी थेट विहिरीपर्यंत नेऊ, तुम्हाला चालावं लागणार नाही. त्या पाषाणाचा एक तुकडा काकूंसाठी न्यायचाय.

आई, बीपीची गोळी चुकवू नकोस.

तुमची,
मनू