मंत्रीसाहेब, कॉल नेमका कुठे पडला ते तरी सांगायला लावा

मा. दूरसंचार मंत्री यांस,

साहेब, एका कंपनीच्या नंबरवरून दुसऱ्या कंपनीच्या नंबरवर फोन लावला की कधी लागतो, कधी नाही. सगळा घोळ या ‘कधी’चाच आहे, कायमचा बंद पडला असता तर लगेच कुणाच्या तरी नजरेत आला असता. कस्टमर केअरवाले म्हणतात सिम काढून परत घाला, फोन रिस्टार्ट करा, मग स्वतः एक टेस्ट कॉल लावतात, तो नेमका लागतो आणि तक्रार बंद! समोरच्या कंपनीला विचारावं तर तुम्ही आमचे कस्टमरच नाही.

आता दोन कंपन्यांमध्ये काही एकच लाइन नसते, बरेच ट्रंक, म्हणजे जोडणाऱ्या वाटा, असतात आणि कॉल त्यांच्यावर वाटले जातात. चारातला एक बिघडला की साधारण दर चौथा कॉल पडणार, मग एका टेस्ट कॉलने काय कळणार डोंबल? नंबर पोर्ट केलेला असेल आणि कॉल कुठे पाठवायचा ते सांगणाऱ्या कुठल्यातरी राउटिंग डेटाबेसमध्ये जुनीच नोंद राहिली असेल तर चालू नंबर ‘अस्तित्वात नाही’ म्हणून ऐकू येतो. आणि बोलता बोलता दरवेळी बरोबर 32 सेकंदांनी कट होत असेल तर बहुतेक फोन उचलल्याची पोच पलीकडे पोचत नाहीये, कारण एसआयपीमध्ये, म्हणजे कॉल जोडायच्या-तोडायच्या निरोपांच्या पद्धतीत, त्या पोचेची वाट 500 मिलिसेकंदांच्या 64 पट, म्हणजे 32 सेकंदच बघतात. जाणकार इंजिनियर हा आकडा ऐकूनच कुठे बघायचं ते सांगेल, पण तक्रार त्याच्यापर्यंत जाऊ देतंय कोण.

बरं, कॉल पडला की कारणाचा कोड येतो, 34 म्हणजे सर्किट मोकळं नाही, 3 म्हणजे रूटच नाही. पण कधीकधी एका कंपनीच्या नेटवर्कमधून दुसरीच्यात जाताना तो कोड बदलून भलताच होतो, मग दोघंही आपापल्या लॉगकडे बोट दाखवून मोकळे.

म्हणून नियम करा की अशा तक्रारीचं दोन्ही कंपन्यांचं तिकीट एकच असेल, त्यात त्याच पडलेल्या कॉलचे दोन्हीकडचे ट्रेस, म्हणजे कॉलच्या प्रवासाच्या नोंदी, लागतील आणि दोघांनी सही केल्याशिवाय ते बंद होणार नाही. महिन्याची सरासरी पण चालवून घेऊ नका, ट्रंकवार आकडे मागा, सरासरीत तो एक बिघडलेला ट्रंक आरामात लपतो. आणि टेस्ट कॉल लावायचाच तर प्रत्येक ट्रंकवरून लावा म्हणावं.

आपला,
एक मोबाइल ग्राहक